डार्करूमची वाटणी

मी, भागवत राधाकिशन गडदे, वय अडुसष्ट, धंदा फोटोग्राफी, राहणार लिंबागणेश, तालुका व जिल्हा बीड, आज माझ्या घराच्या ओसरीत बसून, पूर्ण शुद्धीत आणि कुणी भरीस न घालता, माझ्याच अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझी एकुलती एक मुलगी धनश्री हिच्या नावे केले होते. ते रद्द समजावे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती उत्तम, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. तेच तर माझे दुखणे आहे.

वकीलसाहेब म्हणाले होते की एका पानात आटपा. इस्टेट एका पानाची आहे, राग नाही. त्यांनी यात काटछाट करू नये.

कलम १. लिंबागणेश येथील राहते घर, पुढची ओसरी, अंगण व बोअर, हे सर्व माझी पत्नी सौ. उज्ज्वला हिच्या मालकीचे होईल. बोअर तिच्याच नावे हवे, कारण त्याच्या पाण्यावरून तिने माझ्याशी जन्मभर भांडण केले. प्रिंट हायपोच्या रसायनातून काढल्यावर वाहत्या पाण्यात बराच वेळ धुवावी लागते, नाहीतर काही वर्षांत पिवळी पडते. टँकरच्या दिवसांतही मी धूत असे. उज्ज्वला दारात कमरेवर हात ठेवून म्हणायची, "फोटू धुवायला पानी हाय, अन लुगडी धुवायला न्हाई. कावून लगीन केलं माज्यासंगं? त्या ट्रेशीच करायचं हुतं." मग तेच धुतलेले पाणी ती न्हाणीच्या मागे ओतून टाकायची, भाजीला घालू द्यायची नाही. तिथे आजही गवत उगवत नाही. तिचे बरोबर होते, हे इथे लेखी देतो.

कलम २. पोस्टात व बँकेत जे काही निघेल तेही उज्ज्वलाचे. ते फार निघणार नाही आणि तिला ते माहीत आहे.

कलम ३. कॅमेरा माझी नात आरोही हिला द्यावा. तो तिला तिच्या आजीने द्यावा, आईने नव्हे.

कलम ४. आता डार्करूम. घराच्या मागे, माझ्या वडिलांच्या वेळी जिथे कोकरे कोंडत त्या खोलीत ती आहे. दाराला आतून वडिलांची काळी घोंगडी लावली आहे. बाजारातला काळा कपडा आधी लावून पाहिला, पण आपल्याकडच्या उन्हापुढे तो चाळणीसारखा गळायचा. घोंगडीतून तिरीपही येत नाही. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर मी स्वतः जुळवला आहे. त्याचा खांब पाण्याच्या पाइपाचा, वरचे डोके धारूरच्या एका कारागिराने पत्रा ठोकून केलेले, आणि भिंग माझ्या उस्तादांचे. बीडला बशीरगंजात त्यांचा स्टुडिओ होता. मेंढरे सोडून मी पळून गेलतो तो थेट त्यांच्या दारात. स्टुडिओ बंद केला त्या दिवशी त्यांनी ते भिंग रुमालात बांधून माझ्या हातात दिले आणि तोंड फिरवून बसले.

उस्ताद म्हणायचे, "बेटा, सफेद तो कोई भी निकालता, काला सँभालके निकाल." मला काळा शिकवावा लागला नाही. मेंढरांमागे वाढलेल्याला काळ्यात किती काळे असतात ते कळते. धुतलेल्या लोकरीचा वेगळा, पावसात भिजलेल्या पाठीचा वेगळा, कोकराच्या कानामागचा वेगळा. माझे सगळे काम त्या काळ्यांचे आहे. प्रिंट काढताना मी कागदावर हाताने सावली देतो. जिथे चेहरा काळवंडेल तिथे बोटे हलवत उजेड अडवायचा, जिथे आभाळ पांढरे फटक पडेल तिथे मुठीच्या फटीतून थोडा जास्त सोडायचा. हे दुसऱ्यांदा तसेच जमत नाही. जमवायचा प्रयत्न मी तरुणपणी केला. मग कळले की दुसरी प्रिंट काढली की पहिली खोटी पडते. म्हणून माझा नियम: एक निगेटिव्ह, एक प्रिंट, आणि ती प्रिंट ज्याचा चेहरा त्याच्या घरी.

पोट मी लग्नांवर, ओळखपत्राच्या फोटोंवर आणि मयत माणसांचे फोटो मोठे करून देण्यावर भरले. पण मेंढपाळांचे फोटो हेच माझे काम. पुण्या-मुंबईहून प्रदर्शनाचे विचारणे आले तेव्हा मी कळवले की फोटो ज्यांच्या घरी आहेत त्यांच्या घरी जाऊन बघा, मेंढरे सध्या कुठे बसली आहेत ते वाटेत विचारत या. एक बाई खरेच आल्या. रानात मेंढरांच्या वाड्यावर भाकरी खाऊन, पेट्या उघडायला लावून, सगळे फोटो पाहून गेल्या. माझे प्रदर्शन तेवढे एकच झाले आणि ते उत्तम झाले.

डार्करूम कुणाला जाईल ते कलम ९ मध्ये आहे. आधी तिथे उडी मारू नये.

कलम ५. सर्व निगेटिव्ह ज्यांच्या त्यांच्या घरी पोचवाव्यात. पाकिटांवर नावे आहेत. त्यांनी ठेवाव्यात, जाळाव्यात, पोरांना खेळायला द्याव्यात, त्यांची मर्जी. आपला चेहरा आपल्या घरी असावा, एवढेच मला हवे आहे. फक्त एक निगेटिव्ह यातून वगळली आहे. तिच्यासाठीच हे मृत्युपत्र पुन्हा लिहावे लागले.

कलम ६. छबुबाई या माझ्या आईच्या मावसबहीण, वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम जिथे मेंढरे तिथे. मी त्यांना मावशी म्हणतो. नवरा गेल्यावर कळप त्यांनीच सांभाळला. धनश्री कॉलेजात शिकत होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस भर दुपारी मावशी नुकत्याच न्हाऊन, डोक्यावर पदर घट्ट धरून माझ्या दारात आल्या.

"भागवता, मला माजं रूप बघायचंय. समदं. आरशात निस्तं कुकवापुरतं दिसतं, अन आता तर कुकूबी न्हाई."

मी म्हटले, बसा, काढतो. त्यांनी पदर खाली घेतला आणि केस सोडले. गुडघ्यापर्यंत, पिकलेले, ओले. आमच्यात केस सोडलेली बाई एक तर न्हाणीत असते, नाहीतर मयताच्या दारात. तिला तिसरीकडे कुणी पाहत नाही. मी कॅमेऱ्याला हात लावायच्या आत त्यांनी कमरेची पिशवी सोडली, बेलाचे पान काढले, त्यावर भंडारा ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"उचल. म्हन, हे माज्या घराभायेर जानार न्हाई."

मी बेल-भंडारा उचलला आणि तसे म्हटले. धनश्री शेजारी उभी होती.

फोटो अंगणातल्या बाभळीखाली काढला. मावशींना चेहरा उमटताना पाहायचा होता, म्हणून त्यांनाही आत घेतले. आत अंधार, लाल दिवा, हायपोचा वास. बिरोबाच्या देवळातही कधी न घाबरलेली बाई तिथे दाराची घोंगडी चाचपू लागली, तेव्हा धनश्रीने त्यांचा हात धरला. ट्रेमध्ये आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे. मावशी वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, ही तर माजी आई हाय."

मी आयुष्यात बरेच काही छापले. त्याहून चांगले काही छापले नाही. प्रिंट वाळली तशी त्यांनी लुगड्यात गुंडाळून नेली आणि पेटीच्या तळाला ठेवली. सुनेलाही पाहायला मिळाली नाही.

कलम ७. दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा धनश्री पुण्याहून आली. ती तिथे जाहिरातीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. ती म्हणाली, "बाबा, निगेटिव्हना ओल लागतेय. मी नेते, साफ करून, स्कॅन करून आणते. नाहीतर सगळं बुरशीला जाईल." खरेच ओल लागत होती. पाकिटे मी माझ्या हाताने तिच्या गाडीत ठेवली. तिने सगळी परत आणली, साफ करून, नव्या कव्हरात घालून. गावभर मी सांगत फिरलो की पोरगी असावी तर अशी.

मग निवडणूक आली. लिंबागणेश ते मांजरसुंबा जीप चालवणारे माझे मित्र बिभीषणराव एका सकाळी जीप चालूच ठेवून दारात आले. एरवी त्यांच्या तोंडाला कुलूप नसते. त्या दिवशी नुसते 'चला' म्हणाले.

"काय झालं?" मी विचारले.

"भागवतराव, चौकात छबुमावशी लावलीय."

मी गेलो. मांजरसुंब्याच्या चौकात, जिथे चार रस्ते भेटतात आणि अर्धा जिल्हा चहाला थांबतो, तिथे लोखंडी सांगाड्यावर हा एवढा फ्लेक्स. डावीकडे उमेदवार विजयसिंह हात जोडून. उजवीकडे माझी छबुमावशी, केस सोडलेली, दोन पुरुष उंच. खाली लिहिलेले: लेकी-सुनांचा सन्मान, हाच आमचा अभिमान. खाली उभी असलेली दोन पोरे म्हणत होती, "बे, ही कोण रे? अंगात आल्यावानी दिसती." बिभीषणरावांनी मला जीपमध्ये बसवले.

धनश्रीला फोन केला. तिचे बोलणे मी जसेच्या तसे लिहितो, कारण तिच्यावर अन्याय करायचा नाही.

"बाबा, प्रचाराचं काम आमच्या कंपनीकडे आलं. त्यांना खरा चेहरा हवा होता. तुमच्या फोटोपुढे बाकीचे सगळे खोटे वाटत होते हो. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. इतकी वर्षं कोंडून ठेवलेलं काम एकदा तरी लोकांनी पाहिलं."

"तुझ्यासमोर भंडारा उचलला होता मी."

 ती म्हणाली, "शपथ तुम्ही घेतली होती, बाबा. मी नाही."

त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही. तिने फ्लेक्स उतरवायला सांगितले असेल किंवा नसेल. निवडणूक संपेपर्यंत ते होते, जिल्हाभर होते. धारूरच्या घाटातही एक होता असे ऐकले.

मावशींचा कळप तेव्हा पाटोद्याकडे होता. त्यांना कुणी सांगितले ते मला माहीत नाही. त्यांची सून कौशल्याबाई एसटीने आली, ओसरीवर प्रिंट पालथी ठेवली आणि तिच्या पाठीवर चिमूटभर भंडारा.

"आत्याबाई म्हनल्या, भागवताला म्हनावं, तुजा भंडारा तुज्याकडं. त्याचा दोष आमच्या मेंढरास्नी नगं." तिने पाणीसुद्धा घेतले नाही.

मी पाटोद्याला गेलो. मावशी माझ्याकडे पाठ करून बसल्या. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. मी सगळे सांगितले, निगेटिव्ह कशी गेली, मला कसे माहीत नव्हते. मला वाटले शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने परत आलो असतो. त्या एवढेच म्हणाल्या, "त्या पोरीनं माजा हात धरलाता रं, आत."

मला फसवले, हे मी गिळले असते. बाप आहे. पण माझ्या हातून त्या बाईला फसवले. आज या पंचक्रोशीत मेंढपाळाची एकही बाई मला दारात उभे करत नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही केले नसते.

कलम ८. श्री. विजयसिंह यांना माझ्या इस्टेटीतून काही मिळणार नाही. त्यांना हवे होते ते त्यांनी आधीच नेले. मी जाब विचारायला गेलो तेव्हा ते खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो भागवतराव, म्हातारी लई फेमस झाली की! कावून तोंड पाडता? आमी तर तुमचा सत्कार ठिवनार हुतो." तो माणूस वाईट नाही, त्याला खरोखरच काही कळले नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. माझ्या मयताला त्यांनी यावे. भाषण करू नये. शोकसभेचा माइक त्यांच्या हाती गेला तर बिभीषणरावांनी जीपचा हॉर्न दाबून धरावा.

मांजरसुंब्याचा फ्लेक्स निवडणुकीनंतर तिथल्या एका धाब्याच्या मागे सरपणावर झाकलेला सापडला. मावशीच्या कपाळावर कोंबडी बसली होती. मी माझी ताडपत्री देऊन तो मागितला. धाबेवाला म्हणाला, "घिऊन जा की. तुमची कोन हाय ही?" मी सांगितले, मावशी. त्याने ताडपत्री घेतली नाही, वर फ्लेक्सची घडी घालायला हात लावला. भला माणूस. तो फ्लेक्स माझ्या कॉटखाली आहे. त्याचे काय करायचे ते कौशल्याबाईंना विचारावे.

कलम ९. आता माझ्या मुलीचा वाटा.

मला अग्नी धनश्रीनेच द्यावा. तेवढा राग माझ्यात नाही. पण डार्करूम, एन्लार्जर, उस्तादांचे भिंग आणि घोंगडी तिला फुकट मिळणार नाही.

या जगात माझा एक फोटो असा आहे, जो मी काढलेला नाही. माझी आई वारली त्या दिवशी तिचा भिंतीवर लावायचा फोटो मीच छापला. आई ट्रेमध्ये उमटली आणि मी हातातले काम टाकून मागच्या दाराने बाहेर पडलो, धुण्याच्या दगडावर बनियनवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. नाक गळत होते, दात नसलेले तोंड उघडे होते. धनश्री माझ्या मागून आली होती. तिच्या गळ्यात माझाच कॅमेरा होता. तिने तो फोटो काढला, स्वतः धुतला, स्वतः छापला आणि मला आणून दिला. माझी लेक माझ्याहून चांगली निघेल, असे मला त्या दिवशी वाटले. मी तिला म्हटले, हा कुणाला दाखवायचा नाही. ती म्हणाली, "नाही दाखवणार, बाबा." तिने आजवर तो कुणाला दाखवलेला नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. मी खात्री केली आहे.

म्हणजे शब्द पाळायचा कसा, हे तिला येते. माझा पाळला. मेंढरामागच्या म्हातारीचाही पाळायचा असतो, हे तिला वाटले नाही. मला सगळ्यात जास्त लागले ते हे, आणि हे मी तिला तोंडावर सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो. पोरी, तू माझे फार वाईट केलेस.

म्हणून माझ्या दहाव्याच्या दिवशी धनश्रीने पुढीलप्रमाणे करावे. त्या फोटोचा, छबुमावशींचा होता तेवढाच मोठा, फ्लेक्स करावा. एक निगेटिव्ह, एक प्रिंट हा माझा नियम यापुरता मी स्वतः मोडतो. मांजरसुंब्याच्या चौकात त्याच सांगाड्यावर तो तिने स्वतः चढून, स्वतःच्या हाताने दोऱ्या आवळून लावावा. त्यावर नाव नको, भावपूर्ण श्रद्धांजली नको, कुणाचे जोडलेले हात नकोत. नुसता मी, जसा बसलो होतो तसा.

छबुमावशींना बिभीषणरावांच्या जीपने तिथे आणावे. येणार नाही म्हणाल्या तर ओढू नये, उद्या पुन्हा विचारावे. त्या हयात नसल्या तर त्यांच्या जागी कौशल्याबाई. कलम ५ मध्ये वगळलेली निगेटिव्ह आणि परत आलेली प्रिंट धनश्रीने त्यांच्या हातात द्यावी. तिच्या संगणकात आणि इतर जिथे जिथे तो चेहरा असेल तिथून काढून टाकल्याचे तिने त्यांच्यासमोर बेल-भंडारा उचलून सांगावे. मला यावर कागद चालणार नाही. जीपमधून उतरताना मावशींनी हात पुढे केला तर धनश्रीने तो धरावा. नाही केला तर आपण होऊन धरू नये.

मग मावशींनी वर बघावे. माझी आई त्यांची बहीण होती, मी का रडतोय ते त्यांना कळेल. वाटेल तितका वेळ बघावे, हसू आले तर हसावे. फ्लेक्स कधी उतरवायचा ते त्यांनी सांगायचे. त्यांनी "काढा" म्हटले की धनश्रीने तो काढावा आणि घरी येऊन उज्ज्वलाकडून डार्करूमची किल्ली घ्यावी. त्या दिवसापासून ती तिची.

यातले काहीही करायला धनश्रीने नकार दिला, तर डार्करूममधले सामान उज्ज्वलाने हवे तसे काढावे आणि खोली कौशल्याबाईंना कोकरे कोंडायला द्यावी. घोंगडीही त्यांनाच.

आणि छबुमावशी वर बघून, काही न बोलता निघून गेल्या, तर फ्लेक्स तिथेच राहू द्यावा आणि किल्ली उज्ज्वलाकडेच. उन्हाने माझा चेहरा पांढरा पडला तरी राहू द्यावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी पत्नी उज्ज्वला हिने करावी. मी हे तिला वाचून दाखवले आहे. तिने ऐकून घेतले आणि धनश्रीचा नंबर लावून फोन माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलला नाही.

ठिकाण: लिंबागणेश, तालुका व जिल्हा बीड
दिनांक: ९ मार्च २०२६

सही: भागवत राधाकिशन गडदे

वरील मजकुरावर भागवतराव गडदे यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. बिभीषण अर्जुनराव वायसे, जीपचालक, राहणार लिंबागणेश. सही
२. वनमाला हरिभाऊ घोलप, अंगणवाडी सेविका, शेजारी, राहणार लिंबागणेश. सही